बेटाला डबल बेल

कंडक्टरबाईंचा आवाज असा, की त्यांनी मागच्या दारात "पुढे सरका" म्हटलं की पुढच्या बसमधली माणसंसुद्धा दोन पावलं सरकायची. तेवीस वर्षं वापरून वापरून त्या आवाजाचं पार फडकं झालं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि म्हणाले, "चार दिवस एक अक्षर काढायचं नाही. रविवारी दुपारी बारापर्यंत कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर गाडी विसरा, डेपोत बसून फॉर्म भरा."

गाडी विसरा! फॉर्म कधी पुढे सरकतात का?

म्हणून त्यांनी एका शांत बेटावर, समुद्राला अगदी लागून, परवडेल अशी खोली घेतली. सोबत धाकट्या नणंदेला, वन्संना घेतलं. कुणीतरी बोलायला हवं ना! आणि त्या कामात वन्संना तोड नव्हती.

होडीतून उतरल्यावर मालकांनी खोली दाखवली. बघतात तर काय, जुनी बस! चाकं वाळूत रुतलेली, सीटा काढून दोन खाटा टाकलेल्या. ड्रायव्हरची सीट मात्र जागच्या जागी, आणि छताला घंटीची दोरीसुद्धा.

"अगं बाई! वहिनी, तुझी सुट्टीपण ड्युटीवरच गेली की!" वन्सं हसून हसून खाटेवर लोळल्या.

बाईंनी कपाळावर हात मारला. आवाज न करता.

दिवस मात्र झकास गेले. खायचं, लाटांकडे बघायचं, पुन्हा लवंडायचं. वन्सं दिसेल त्याच्याशी बोलायच्या. एका खेकड्याशी तर इतकं बोलल्या, की तो बिचारा जन्मात पहिल्यांदा सरळ चालत निघून गेला.

रविवार उजाडला. साडेअकरा वाजले होते. बाई केस पुसत मधोमध उभ्या होत्या, तेवढ्यात मालक चहा घेऊन आत आले आणि त्यांच्या मागे वाऱ्याने दार धाडकन लागलं. झालं! दार लागल्यावर कंडक्टरचा हात काय करतो? तेवीस वर्षं करत आला तेच.

टिंग टिंग.

आणि बेट निघालं.

बस नाही हो, बेट! नारळाची झाडं, मालकांच्या कोंबड्या, वाळत घातलेली जाळी, सगळं घेऊन. आधी एक हिसका, मग संथपणे, मग चांगला वेग धरून.

"तरी मला वाटायचंच," मालक कप सावरत म्हणाले. "वीस वर्षं बिचारं उभं होतं. कुणी डबल बेलच दिली नव्हती त्याला."

"अहो, पण चाललंय कुठे?" वन्सं ओरडल्या.

"ते मला काय विचारता? ड्रायव्हरला विचारा!"

ड्रायव्हरच्या सीटवर सकाळपासून वन्संच बसल्या होत्या, स्टिअरिंगवर परकर वाळत घालून. त्यांनी घाबरून परकरासकट चाक फिरवलं, तर अख्खं बेट वळलं. "वहिनी, वळतंय गं! मला चालवता येतंय!"

येत होतं, पण थांबवता येत नव्हतं. समोरून शहराचा धक्का अंगावर यायला लागला. त्यावर माणसांची ही रांग! बाईंनी एक घंटी द्यायला दोरी ओढली, तर खाऱ्या हवेनं कुजलेली दोरी तुटून हातातच आली.

बाराला सात मिनिटं होती.

"थांब, थांब मेल्या!" वन्सं किंचाळल्या. बेट ढिम्म. पॅसेंजरच्या ओरडण्याला कुठली गाडी थांबते? "वहिनी, तू ओरड! तुझंच ऐकेल ते!"

बाईंनी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. तेवढ्यात डोळ्यांसमोर डेपोतलं टेबल आलं आणि त्यावरचा फॉर्मांचा गठ्ठा. त्यांनी तोंड मिटलं, दार उघडलं, एका हाताने दांडी धरून बाहेर लटकल्या आणि बसच्या पत्र्यावर सणसणीत थाप मारली. एकच.

धप्प!

बेट थांबलं. वाळू आणि धक्का यांच्यात एका पावलाचं अंतर. पंधरा नारळ पडले, तेही नीट रांगेत.

रांगेत सगळ्यात पुढे कोण? गळ्यात टॉवेल, हातात बॅग, डॉक्टर! "इथे परवडणाऱ्या खोल्या आहेत म्हणे. काय बाई, आवाज कसा आहे?"

बाईंनी घड्याळ बघितलं आणि पाच बोटं दाखवली.

तोवर थांबतंय कोण! माणसं घुसली. जो तो बसच्या दारातच अडकला. आत दोन खाटा रिकाम्या आणि दारात चेंगराचेंगरी. डॉक्टर मधोमध, टॉवेल एकीकडे, बॅग दुसरीकडे. बाईंचे ओठ थरथरत होते, कान लाल झाले होते. चार मिनिटं. दोन मिनिटं. बारा!

"पुढे सरकाऽऽऽ!"

सगळे सरकले. बघणारे तर सांगतात, मागचं शहरसुद्धा दोन पावलं सरकलं, ते अजून तिथेच आहे.

"घसा... एकदम... उत्तम," गर्दीतून डॉक्टरांचा दबका आवाज आला. "उद्यापासून गाडीवर जा."

"ते ठीक आहे," मालक म्हणाले, "पण माझं बेट जागेवर कोण नेणार?"

वन्संनी परकर झटकला आणि चाक धरलं. बाईंनी दार लावून घेतलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर मारल्या दोन थापा.