झेंडामातेची वाट

प्रेमदास राठोडला पहिल्यांदा शिसारी आली ती त्या पाटीची. चांदमारीच्या माळाला लागून, जिथं काल-परवापर्यंत त्याच्या पळसतांड्याची गुरं चरत होती, तिथं एका सकाळी भली मोठी पाटी उभी राहिली. पाटीवर बंदूक रोखलेला जवान, शेजारी बंगले, बंगल्यापुढं गोरंपान हसरं कुटुंब आणि खाली लिहिलेलं, ‘वीरभूमी पार्क. जवानांच्या सावलीत सुरक्षित घर.’ जवानाच्या बंदुकीचं तोंड नेमकं त्या कुटुंबाकडंच होतं. रंगवणाऱ्याला ते दिसलं नाही आणि प्लॉट घेणाऱ्यांना तर मुळीच दिसलं नाही.

आखाडा बाळापूरचा रस्ता सोडून आत वळलं की जवानांचं ट्रेनिंग सेंटर लागतं. त्याच्या मागं नेमबाजी शिकवायचा माळ, म्हणजे चांदमारी. माळाच्या शेवटी मातीचा उंच बांध, आणि बांधामागं टेकडी. बांधावरून निसटलेली एखादी गोळी टेकडीवर येते, हे आसपासच्या पाचही गावांतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ते जाणतं, कारण प्रेमदास चोवीस वर्षं सांगत आला. सेंटरातला तो रोजंदारीचा माणूस. गोळीबाराच्या आदल्या दिवशी सायकलीवर निघायचा, काशाची थाळी वाजवायचा आणि गावोगाव ओरडायचा, “उद्या सकाळपासून गोळीबार हाय होऽऽ, गुरं-लेकरं माळावर सोडू नका होऽऽ!” गोळीबाराच्या दिवशी तांबडं फुटताना टेकडीवर लाल झेंडा लावायचा, तो संध्याकाळीच उतरवायचा. मग टेकडीकडं जाणाऱ्या तिन्ही वाटांवर जवान पहाऱ्याला उभे राहायचे. शेवटी सुभेदार रतनसिंग त्याच्याकडं बघून विचारायचे, “प्रेमदास, सब साफ?”

“साफ है, साब.”

हे तीन शब्द निघाल्याशिवाय पहिली गोळी सुटायची नाही. सुभेदार बदलले, साहेब बदलले, शब्द तेच राहिले. चोवीस वर्षांत माळावर बकरीचं करडूही मेलं नाही, आणि याचा प्रेमदासला गर्व होता. गरिबाला गर्व करायला एवढंच असतं.

मग शहराला माळ दिसला. मिलट्रीशेजारी चोरी होत नाही, रस्ता पक्का, लाईट जात नाही, असं म्हणत लोक गाड्या काढून जमीन बघायला येऊ लागले. हा बाजार मांडला विश्वजीतशेठनं. हात सदैव जोडलेले, कपडे पांढरेशुभ्र, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याच्या तोंडाला मुंग्या लागाव्यात. प्रेमदासचा पोरगा दिपक त्याच्याकडं गिऱ्हाईक फिरवायला लागला. बी.ए. होऊन चार वर्षं घरी बसलेलं पोरगं बूट घालून कामावर जातंय, म्हणून आई रुख्मिणीबाईनं तांडाभर गूळ वाटला.

झेंड्याच्या दिवशी आलेली गिऱ्हाइकं मात्र एक प्रश्न हटकून विचारायची. तो टेकडीवरचा लाल झेंडा कशाचा?

आता ऐका, शिकलेल्या डोक्याची करामत. तांड्यात देवळापुढं दोन झेंडे असतात, बंजाऱ्यांच्या संताचा, सेवाभायाचा, पांढरा आणि देवीचा लाल. झेंडा दिसला की बंजाऱ्याचं लेकरू पायातलं काढतं, हात जोडतं आणि मगच पुढं होतं. दिपक हे बघतच वाढलेला. एका मास्तरानं विचारलं तेव्हा तो बिनदिक्कत म्हणाला, “जागृत देवी हाय, सर. झेंडामाता. वरून साऱ्या पार्कवर नजर ठेवते.” मास्तरानं पायातल्या चपला काढून तिथूनच नमस्कार केला आणि त्याच दिवशी प्लॉट धरला.

विश्वजीतशेठनं पोराची पाठ थोपटली. आठवड्यात टेकडीवर शेंदूर फासलेला धोंडा बसला. शहरातून नाना नावाचे एक पुजारी आले, मंत्र म्हणाले, दक्षिणा घेऊन गेले, आणि ही देवी आली कुठून हे त्यांनी विचारलं नाही. पार्कच्या बाजूनं दिपकनं माणसं लावून सेंटरच्या कुंपणाच्या तारा कापल्या आणि टेकडीवर चढायला चुना मारलेल्या दगडांची झकास वाट केली. ही चौथी वाट. हिच्यावर पहारा नव्हता, कारण सेंटरच्या नकाशात ती नव्हतीच.

प्रेमदासनं वाट बघितली त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. घरी येऊन तो पोराच्या अंगावर धावून गेला.

“भडव्या, देवीच्या नावानं लोकाला गोळीपुढं उभं करून राहिला? सेवाभाया बघून राहिला न्हाई का?”

“बा, ओरडू नको,” दिपक म्हणाला. “गोळीबार महिन्यातून दोन-चारदा, तोबी सकाळचा. गिऱ्हाईक येते दुपारून. कोण मरते?”

“अन् तिथं राहायला आल्यावर?”

“तवरोक चांदमारीच उठते. शेठनं वर बोलणं लावलंय. वस्ती झाली की मिलट्रीला जावंच लागते.” मग त्यानं आवाज खाली आणला. “अन् सुभेदाराला सांगशील तर माजी नौकरी जाईल. मंग बस मला पोसत.”

रुख्मिणीबाई चुलीपुढून म्हणाली, “तुमी काहून मधी पडता? पोराचं बरं चाललंय, ते बघवंना का?”

प्रेमदास गप्प बसला. इथंच सगळं नासलं. कुंपणच शेत खातं असं आपण दुसऱ्याला म्हणतो, पण या कुंपणाला जीभ होती आणि ती त्यानं टाळ्याला लावून ठेवली. पार्कातली पहिली आठ-दहा घरं राहती झाली. तिथं थाळी वाजवू नको, गिऱ्हाईक बिचकतं, असं दिपकनं बजावलं होतं. प्रेमदास पाच गावं फिरायचा आणि पार्कच्या कमानीपाशी आला की सायकल वळवायचा. यादीत पाचच गावं आहेत ना, सहावं कुठाय, असं स्वतःला समजवायचा. झेंडा लावायला टेकडीवर गेला की धोंड्यापुढं नारळाच्या करवंट्या दिसायच्या, वाळलेले हार दिसायचे. खाली येऊन सुभेदारापुढं उभा राहायचा.

“प्रेमदास, सब साफ?”

“साफ है, साब.”

वस्ती आल्यापासूनच्या तीन महिन्यांत सात वेळा तो हे म्हणाला. आठव्यांदा म्हणाला तेव्हा नवरात्राची पाचवी माळ होती.

निलम ही पार्कातल्या त्याच मास्तराची बायको. माहेर जवळा बाजारचं, लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. सकाळी नवरा शाळेत गेल्यावर तिनं न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं, खण-नारळ घेतला आणि अनवाणी चौथ्या वाटेनं ओटी भरायला निघाली. झेंडा फडकत होता. झेंडा लागलाय म्हणजे आज देवीचा दिवस, एवढंच तिला ठाऊक. आवाज झाले, तर ते फटाके. फटाके म्हणूनच दिपकनं तिला सांगितलं होतं.

गोळी गुडघ्यात बसली. वाटी फुटली. तिची किंकाळी बांधाअलीकडं ऐकू आली तेव्हा सुभेदारांनी हात वर करून गोळीबार थांबवला आणि प्रेमदासकडं वळून बघितलं. त्या बघण्यानं प्रेमदास उभ्याउभ्या मेला.

तिसऱ्या दिवशी विश्वजीतशेठ पळसतांड्यात आला. तांड्याच्या नायकाला, सटवाजीला, त्यानं वाकून नमस्कार केला, लेकरांना बिस्किटं वाटली, आणि निलमसाठी डोळ्यांतून पाणीही काढलं. पाणी पुसून झाल्यावर टाइप केलेला कागद काढला. त्यात एकच गोष्ट होती, त्या दिवशी टेकडीवर झेंडा लावलेला नव्हता.

“चूक तुझी धरणार नाहीत, प्रेमदास,” शेठ मायेनं म्हणाला. “तुला त्या दिवशी ताप होता. दुसरा माणूस पाठवायला हवा होता सेंटरनं. चौकशी होईल, चांदमारी उठेल. हा माळ मोकळा झाला की तांड्याच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो. कोपऱ्यातला प्लॉट तुझ्या नावावर.”

सटवाजीनं मान डोलावली. त्यानं आणि तांड्यातल्या सहाजणांनी ‘झेंडा नव्हता’ म्हणून आधीच अंगठे दिले होते. हेच सहाजण झेंडा दिसला की आपली गुरं मागं वळवायचे! जमिनीचा भाव ऐकला आणि साऱ्यांना एकदम मोतीबिंदू झाला.

“बाईचं काय?” प्रेमदासनं विचारलं.

“तिला बी भरपाई मिळंल की, मिलट्रीकडून,” दिपक म्हणाला. “साऱ्याचंच भलं हाय, बा.”

प्रेमदासनं कागद घेतला नाही, फाडलाही नाही. बाहेर जाऊन तो गोठ्याआड ओकला. मग सायकल काढून हिंगोलीच्या दवाखान्यात गेला. मनात एवढंच होतं की बाईच्या पाया पडावं, मोकळं व्हावं आणि मग काय ते ठरवावं. पाया पडून मोकळं होता येतं, असं त्याला अजून वाटत होतं.

निलम खाटेवर पडून होती, पाय फळीला बांधलेला. उशाशी मास्तर बसला होता. तिनं प्रेमदासला ओळखलं. टेकडीवर झेंडा लावताना तिनं त्याला खालून कितीदा पाहिलं होतं. ती उठून बसायला लागली. दुखऱ्या अंगानं, डोक्यावर पदर ओढून.

“काका, तुमी देवीचे ना?” ती म्हणाली. “बरं झालं आलात. मला सांगा, माझं काय चुकलं? खण कोरा होता. नारळ पाहून घेतला होता. उपास बी धरला होता. मंग देवी काहून कोपली माझ्यावर?”

शेठ खोटं बोलला ते भावासाठी, पोरगा बोलला ते नोकरीसाठी. त्याची तरी चीड येते. पण ही पोर रात्रंदिवस स्वतःचाच दोष हुडकत पडली होती, आणि हुडकायला तिला त्यानंच लावलं होतं. त्याला स्वतःच्या अंगाचा वास नकोसा झाला.

“पोरी, तिथं देवी न्हाई,” तो म्हणाला. “कदीच नव्हती. तो झेंडा गोळीबाराचा. इकडं येऊ नका म्हणून लावत्यात. मीच लावतो.”

मास्तर ताडकन उभा राहिला. निलम हलली नाही. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग पायाकडं, मग प्रेमदासकडं.

“तुमाला ठावं होतं? आमी पाया पडत होतो, ते?”

“व्हय.”

“मंग सांगितलं काहून न्हाई?”

ती वाट बघत राहिली. शेवटी तिनंच तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तहसीलात जबाब होते. नायब तहसीलदार माणिकराव टेबलामागं, समोर कारकून, दाराशी विश्वजीतशेठ हात जोडून आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून दिपक. सुभेदार रतनसिंग भिंतीलगत ताठ उभे. सटवाजीच्या आणि सहाजणांच्या अंगठ्यांचे कागद वरच ठेवलेले.

“झेंडा लावला होता का?” माणिकरावांनी विचारलं.

“लावला होता, साहेब.”

दाराशी कुजबुज झाली. “बा!” दिपक दबक्या आवाजात म्हणाला.

“हे सगळे नव्हता म्हणतात.”

“खोटं म्हणत्यात. तांबडं फुटताना मी लावला. पर अजून लिहा. चौथी वाट पाडल्याली मला ठावं होती. लोकं वर जात्यात, तेबी ठावं होतं. तरी मी सुभेदारसाहेबांना साफ है म्हणलो. आठ बारी म्हणलो.”

सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. कारकुनाचा पेन भराभर चालला होता. माणिकराव पुढं झुकले.

“वाट पाडली कुणी? देवी बसवली कुणी?”

“जमीन शेठची. धोंडा शेठनं आणला. पर झेंडामाता हे सोंग काढणारा, तारा कापून घेणारा, लोकाला वर धाडणारा दुसरा.”

“नाव सांगा.”

प्रेमदासनं दाराकडं बघितलं. पोरगा रडकुंडीला आला होता, मान हलवून नको नको म्हणत होता. लहानपणी ताप आला की असाच मान हलवायचा. प्रेमदासनं नजर काढून घेतली.

“दिपक,” तो म्हणाला.

“पूर्ण नाव सांगा,” कारकून मान वर न करता म्हणाला.

“लिहा,” प्रेमदास म्हणाला. “दिपक प्रेमदास राठोड.”