संग्रहालयात उभी आई

ऑल्बनने माझ्याकडून तिकिटाचे पाच डॉलर घेतले. सख्ख्या बहिणीकडून. मान वर न करता तिकीट फाडलं आणि ‘वस्तूंना हात लावू नये’ या पाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, हात लावायला नाही, उचलून न्यायला आलेय. बाहेर गावातल्या लिंटनचा भाड्याने आणलेला ट्रक उभा होता. त्यात दोन गाद्या अंथरून ठेवल्या होत्या.

संग्रहालय म्हणजे धक्क्याजवळची जुनी कापसाची वखार. ऑल्बन इंग्लंडात बस चालवून परत आला आणि त्याने तिथे बेटभरचं भंगार गोळा केलं. उसाचा रस उकळायची फ्रेंचांची कढई, बुडालेल्या गलबताचं सुकाणू, रानात सापडलेली खापरं, कुठल्याशा पाद्र्याचा चष्मा. प्रत्येकापुढे टाइप केलेली चिठ्ठी. एवढंच असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतोच. पण खिडकीखाली, दोरीच्या पलीकडे, आमच्या आईचा दगड होता.

आमच्याकडे माणूस गेलं की लगेच पुरतात, पण थडग्याचा दगड लगेच उभा करत नाहीत. त्याचं जेवण घालावं लागतं. बोकड, डुक्कर, भात, रम, ढोल आणि सगळं गाव. ते जमेपर्यंत वर्षं जातात आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. तोवर दगड आडवा पडून राहतो. जेवण झालं, दगड उभा राहिला, की मेलेलं माणूस निवांत निजतं. तोपर्यंत मात्र ते घरच्यांच्या स्वप्नात येतं, हवं-नको सांगतं.

आईचा दगड ऑल्बननेच मोठ्या बेटावरून नाव कोरून आणला होता. त्याच्या घराला गळती, म्हणून वखारीत ठेवला. मग एके दिवशी या शहाण्याने तो भिंतीला टेकवून उभा केला. जेवण नाही, ढोल नाही, रमचा थेंब नाही आणि आई उभी! तेव्हापासून माझ्या स्वप्नात ती येते ती उभीच. खुर्ची सरकवली तरी बसत नाही.

आणि येऊन विचारते काय? “ऑल्बन जेवला का?” माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही, काही नाही. शेवटची सहा वर्षं तिची अंथरुणं मी धुतली, घास मी भरवले. हा तर पुरायच्या वेळेलासुद्धा पोचला नाही. तरी ती उभ्या उभ्या काळजी करते ती त्याच्या पोटाची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच नाही. सगळं त्यालाच मिळत आलंय, हे आणखी माझ्या हाताने कशाला देऊ?

जेवण शनिवारी होतं. बोकड परसात बांधलेला, ढोलवाले ठरलेले. आदल्या रात्री दगड घरात आईच्या पलंगावर निजवायचा, वर पांढरी चादर घालायची, अशी रीत. दगडच नसेल तर पलंगावर काय लाकडाचा ओंडका निजवू?

बोटीवरून उतरलेलं एक गोरं जोडपं तेव्हा दोरीशी उभं होतं. ऑल्बन त्यांना माहिती सांगत होता. म्हणे, इथल्या लोकांची अशी समजूत आहे. इथले लोक! हा जसा काही चंद्रावर जन्मला होता. त्या बाईने दगडावरचं नाव वाचून विचारलं, सेफिन कोण होती? ऑल्बन म्हणाला, इथलीच एक रहिवासी.

“याची आई,” मी मागून म्हटलं. “आणि माझी. तुम्ही टोपी काढलीत तरी चालेल.”

नवऱ्याने खरंच टोपी काढली. मग दोघं बिचारी खापरं न बघताच निघून गेली.

ऑल्बनने दार लोटून घेतलं. पाहुण्यांसमोर तमाशा केलास, म्हणाला. मी म्हटलं, तमाशा तू मांडलायस, तोही तिकीट लावून. दगड त्याचा, पैसे त्याचे, तो हलणार नाही, असं त्याने सुनावलं. मग मीही त्याची गळती, त्याची बस, त्याला सोडून गेलेली बायको, सगळं काढलं. खिशातून फडकं काढून तो दगड पुसायला लागला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“आडवा कर तो,” मी म्हटलं. “पाय दुखतात तिचे. माझ्याकडे येते ती उभीच असते.”

“तुझ्याकडे येते?”

“येते की.”

“माझ्याकडे एकदाही आली नाही.” त्याचं फडकं थांबलं. “मुद्दाम उभा केला मी तो, एल्डिका. म्हटलं, पाय दुखले की दगडाच्या मालकाकडे येईल. कुरकुरत का होईना, येईल. तर तिथेही तुझंच दार. आता जेवण घातलंस की ती निजणार, मग कुणाकडेच येणार नाही. मला काय मिळालं?”

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. स्वतःच्या आईला शिक्षा म्हणून उभं केलं होतं याने, वर्गातल्या पोरासारखी. आणि त्याला जे हवं होतं ते माझ्या जिभेवर होतं. गिळून टाकायची फार इच्छा होती. पण शनिवार दारात होता आणि ती उभी होती.

“ती तुझंच विचारते,” मी म्हटलं. “दर वेळी. ऑल्बन जेवला का, म्हणते. दुसरं काही बोलत नाही.”

तो हसला. चांगलं नव्हतं ते हसणं.

“इतकी वर्षं गप्प होतीस. आज घरी बोकड, दारात ट्रक, आणि आजच तिला माझी आठवण झाली?”

“आईची शपथ.”

“तिच्याच दगडासाठी तिचीच शपथ. वा!”

त्याच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

त्याने दोरी सोडली, गुंडाळून खुर्चीवर ठेवली. “ने,” म्हणाला. “जन्मात तू मला एक गोड शब्द बोलली नाहीस, खोटासुद्धा नाही. आज निदान खोटा तरी बोललीस. तेवढ्यावर ने.”

खोटं नाहीये ते, ऑल्बन, असं मी दोनदा म्हटलं. त्याने लिंटनला हाक मारली.

दोघांनी मिळून दगड बाहेर नेला आणि गाद्यांवर अलगद आडवा केला. शनिवारी ये, मी म्हटलं. शनिवारी मोठी बोट लागते, पाहुणे असतात, तो म्हणाला आणि आत गेला. जे न्यायला आले होते ते मी घेऊन निघाले होते. परवा आई निजेल, आणि मग मी खरं बोलले होते हे त्याला सांगायला कुणी उरणार नाही. लिंटनला म्हटलं, चल, पण सावकाश, रस्त्यात खड्डे आहेत.