मी दिसले नाही, की थांबायचं

कल्पना कर, की तुला तुझं घर मागे ढकलायचं आहे.

घर म्हणजे खरंखुरं घर. ओटा, फ्रीज, पलंग, आजीची लोकरीची पिशवी, आणि आजोबांचे, वेळेला एकही न सापडणारे, चार चष्मे, सगळं आत. हे घर चाकांवर आहे आणि आपल्या एस.टी.पेक्षा लांब आहे. पुढे त्याला ओढायला एक थोराड डिझेल पिकअप आहे. घराची मान पिकअपच्या हौद्यात एका जाड लोखंडी तबकडीवर अडकवलेली आहे. या तबकडीला तिकडे अमेरिकेत पाचवं चाक म्हणतात. ती चाक नाही, फिरतही नाही, पण मोठ्या माणसांनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं.

आता तू पिकअपमध्ये बस. घराकडे तुझी पाठ आहे. तुला फक्त दोन आरसे दिसतात. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलंस की घर डावीकडे जातं. डावीकडे फिरवलंस की उजवीकडे. आणि हे सगळं चाललेलं असताना आख्खी आळी खुर्च्या घेऊन समोर बसली आहे, हातात थंड पेयांचे डबे आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं आहे की हे काम आपण डोळे मिटून केलं असतं.

झाली कल्पना? छान. मग व्हर्लिन स्टॉडर्ड यांना समजून घ्यायला आता फारसं अवघड जाणार नाही.

व्हर्लिन आजोबा आणि आर्डिथ आजी यांनी दोन वर्षांपूर्वी नेब्रास्कातलं घर विकलं आणि हा ट्रेलर घेतला. आता हेच त्यांचं घर, बाराही महिने. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची नात लिनेया सोबत होती. ती नऊ वर्षांची, आणि वयाच्या मानानेही बुटकी. ट्रेलरच्या अगदी मागच्या भिंतीला टेकून एक बाक होता, त्यावर ती झोपायची.

"हे छत सांभाळ रे बाबा," आजी दर मुक्कामाला म्हणायची. "हे फाटलं तर डोक्यावर धरायला आपल्याकडे दुसरं छत नाही."

"पिकअप बघितलीस का?" आजोबा म्हणायचे. "ही डोंगर ओढेल."

पिकअप डोंगर ओढेल, हे जाहिरातीत लिहिलं होतं, म्हणून आजोबांना ते तोंडपाठ होतं. डोंगर मागे कसा घ्यायचा, हे जाहिरातीत नव्हतं. ती उणीव भरून काढायला त्यांनी ट्रेलरच्या पाठीवर एक कॅमेरा बसवला होता आणि पुढे एक रंगीत पडदा. कॅमेरा खाली जमिनीकडे बघायचा. त्यामुळे आजोबांना प्रत्येक गावची माती फार सुंदर दिसायची.

खरं काम मात्र आजीच करायची. ती ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याशी, जरा बाजूला, आजोबांच्या आरशात दिसेल अशी उभी राहायची आणि हातांनी खुणा करायची. जूनमध्ये एका मुक्कामी ती अशीच उभी असताना तिचा पाय घुशीच्या बिळात गेला आणि ती ट्रेलरच्या मागेच पडली. आजोबांनी तिला पडताना पाहिलं नाही. त्यांनी एवढंच पाहिलं की ती आरशात नाही. आणि त्यांनी ब्रेक दाबला. पायाचा घोटा मोडला, आजी वाचली.

तेव्हापासून आजीचा पाय प्लास्टरमध्ये, आणि आजीचं काम लिनेयाकडे.

"खुणा सोप्या आहेत," आजीने शिकवलं होतं. "हात इकडे म्हणजे ट्रेलरची शेपटी इकडे. डोक्यावर दोन्ही हातांची फुली म्हणजे थांबा. आणि उभं कुठे राहायचं?"

"बाजूला. मागे कधीच नाही."

"का?"

"कारण मी दिसले नाही, की आजोबा थांबतात."

"हो. या माणसाशी खुणांवरून भांडता येतं. मी चाळीस वर्षं भांडले आहे. पण तू आरशात नसलीस तर तो भांडणार कोणाशी?"

"मी ऐकतोय हां," आजोबा म्हणाले.

"म्हणूनच मोठ्याने बोलतेय," आजी म्हणाली.

तर त्या दिवशी ते वायोमिंगमधल्या, ट्रेलर लावायच्या एका नदीकाठच्या तळावर पोचले. कॉटनवुडची जुनी झाडं, प्रत्येक जागेला एक लाकडी मेज, एक पाण्याचा नळ, एक विजेचा खांब. त्यांची जागा रस्त्याच्या डाव्या हाताला होती आणि तिच्या मागच्या टोकाला एका कॉटनवुडचा बुंधा. पिकअपचा गुरगुराट ऐकू आला मात्र, तळावरच्या खुर्च्या एकेक करून त्यांच्याकडे वळल्या. तिकडे नदी वाहत होती, पलीकडे डोंगरांवर ऊन उतरलं होतं. पण नदी काय, रोजचीच. परका माणूस ट्रेलर मागे घेताना बघायला मिळणं, हे भाग्य रोज कुठे असतं?

सगळ्यांत पुढची खुर्ची गेलन यांची होती. गेलन यांनी जन्मभर विमा विकला होता, त्यामुळे अपघात कसे होतात हे त्यांना चांगलं माहीत होतं आणि ते पुन्हा पुन्हा घडायला हवेत असं वाटायची त्यांना सवय झाली होती. शेजारी नॉर्ब. नॉर्ब यांच्याकडे हाताने ढकलता येईल एवढीच गाडी होती, म्हणून मोठ्या ट्रेलरबद्दलची त्यांची मतं कोणत्याही अनुभवाने मळलेली नव्हती.

"कुठून आलात?" गेलन ओरडले.

"नेब्रास्का," आजोबा खिडकीतून म्हणाले.

"मग सपाट जमिनीवरच चालवली असेल."

खुर्च्या हसल्या. आजोबांचे कान लाल झाले. आजी शेजारच्या सीटवर प्लास्टरचा पाय समोर टाकून बसली होती. ती म्हणाली, "व्हर्लिन, तू मुलीकडे बघ. फक्त मुलीकडे."

"बघतोय."

लिनेया डाव्या मागच्या कोपऱ्याजवळ, जरा बाजूला, उभी राहिली. आरशात आजोबांचा चेहरा दिसला, म्हणजे त्यांनाही ती दिसत होती. तिने हात डावीकडे केला. ट्रेलरची शेपटी हळूहळू डावीकडे वळली. सगळं ठीक चाललं होतं, आणि नेमकं तेच खुर्च्यांना सहन होईना.

"चाक उलटं फिरवा," नॉर्ब म्हणाले.

"उलटं म्हणजे सुलटं म्हणायचंय त्यांना," गेलन म्हणाले.

"जास्त वळलं. गाडी कंबरेतून मोडणार बघा."

"आमच्या तिकडे एकाने अशीच मोडली होती. काच, पत्रा, सगळं. विम्याने दमडी दिली नाही."

"का नाही दिली?" कोणीतरी विचारलं.

"मीच सांगितलं होतं द्यायची नाही म्हणून."

ट्रेलर खरोखर जरा तिरका झाला होता. अशा वेळी काय करायचं असतं, ते तुला सांगून ठेवतो. गाडी पुढे घ्यायची, सरळ करायची आणि पुन्हा मागे यायचं. त्यात काहीच कमीपणा नाही. वही खोडून पुन्हा लिहितो, तसंच ते. लिनेयानेही तीच खूण केली: पुढे घ्या.

पण आजोबा पुढे घेतील? एवढ्या खुर्च्यांसमोर? तिकडच्या पुरुषांत असा समज आहे की ट्रेलर पुढे घेणं म्हणजे मान खाली घालणं. ट्रेलर खांबावर आपटला तर चालतो, तो निदान अपघात असतो.

"पोरगी पुढे घ्या म्हणतेय," आजी म्हणाली.

"घाबरलीय ती. जागा खूप आहे. हे बघ, पडद्यावर सगळी माती रिकामी दिसते."

गेलन आता खुर्चीतून उठले. ही फार मोठी गोष्ट होती. हातातला डबा न सांडता ते लिनेयाच्या मागे येऊन उभे राहिले आणि तिच्या डोक्यावरून आजोबांना हाताने बोलावू लागले. "या, या, या. खूप जागा आहे. नळ लांब आहे. या."

"खांब सांभाळा," नॉर्ब बसूनच म्हणाले.

"खांबही लांब आहे. या."

सगळे नळ बघत होते. काही जण खांब बघत होते. एक बाई मेज बघत होत्या, कारण त्यावर त्यांची बटाट्याच्या सॅलडची परात होती. पडद्यावर आजोबा माती बघत होते. थोडक्यात, सगळ्यांचं जमिनीवर बारीक लक्ष होतं.

लिनेया मात्र वर बघत होती. यात तिची हुशारी नव्हती. नऊ वर्षांच्या बुटक्या माणसाला कोणाच्याही तोंडाकडे बघायचं तर वरच बघावं लागतं. गेलनकाका नक्की काय म्हणताहेत ते बघायला तिने मान वर केली, आणि त्यांच्या टोपीच्या पलीकडे तिला ती फांदी दिसली.

बुंध्यापासून पुढे आलेली, कधीतरी अर्ध्यातच कापलेली जाड फांदी. टोक करवतीने कापलेलं, सरळ, एखाद्या ओंडक्यासारखं. पानांच्या झुपक्यात अर्धं लपलेलं. आणि ते बरोबर छताच्या कडेच्या उंचीवर होतं. ट्रेलरमध्ये ती झोपायची, त्या बाकाच्या अगदी वर.

ट्रेलर मागे येत होता. हळू, पण येत होता.

तिने डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली.

आजोबांनी आरशात फुली पाहिली. फुलीच्या वर गेलन यांचा हातही पाहिला. एक म्हणत होता थांबा, दुसरा म्हणत होता या. पहिला हात नऊ वर्षांचा होता. दुसऱ्याच्या मनगटावर भारी घड्याळ होतं.

"आहे जागा, बेटा," आजोबा खिडकीतून म्हणाले आणि मागे येत राहिले.

"आजोबा, वर," ती ओरडली. डिझेलच्या घरघरीत ते तिलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.

"काका, वर बघा ना," ती गेलन यांना म्हणाली.

"हो हो, बाळ. मी आहे ना," गेलन म्हणाले. "तू जरा बाजूला सरक, त्यांना माझा हात दिसू दे."

आणि आता लिनेयाने विचार केला. फार वेळ नव्हता, म्हणून तिने थोडाच केला, पण नीट केला. खूण केली, ऐकली नाही. ओरडून झालं, पोचलं नाही. गेलनकाकांना सांगितलं, त्यांना सगळं आधीच माहीत होतं. उरलं होतं एकच. आजीने शिकवलेलं, ज्याच्यावरून भांडता येत नाही असं.

फक्त भीती एवढीच होती, की आजोबा आज पडद्याकडे बघत असले तर?

ती ट्रेलरपासून लांब, सरळ चालत मेजाकडे गेली. सॅलडच्या परातीमागे, बुंध्याच्या आड, मेजाला जोडलेल्या बाकावर जाऊन बसली. आणि तिने डोळे मिटून घेतले.

पिकअपमध्ये आजोबांनी आरशात पाहिलं. गेलन होते. त्यांचा हात होता, घड्याळ होतं, डबा होता. खालची जागा रिकामी होती.

ब्रेक इतक्या जोरात लागला, की आजीचा कॉफीचा थर्मास पायाखाली घरंगळत गेला.

"काय झालं?" आजी म्हणाली.

"दिसत नाही ती."

आजी थर्मास उचलायला वाकली नाही. "मग इथे बसून काय करतोयस? जा."

आजोबा उतरले ते पळतच. या वयात त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं. ते आधी चाकांखाली वाकून बघायला गेले, दोन्ही बाजूंनी. मग मागे आले.

"अहो, यायचं ना," गेलन म्हणाले. "किती जागा होती."

"पोरगी कुठे आहे?"

"असेल इथेच. मुलं काय, खेळत असतात."

"आजोबा, मी इथे," मेजामागून आवाज आला. तिने एक डोळा उघडला होता. "मी ठीक आहे. तुम्ही वर बघा."

आजोबांनी वर बघितलं. मग गेलन यांनी. मग एकेक करून सगळ्या खुर्च्यांनी. फांदीचं कापलेलं टोक आणि छताची कड यांच्यात हात घालायचा म्हटलं तर पंजा आडवा करावा लागला असता.

नदीचा आवाज ऐकू आला. एवढा वेळ ती वाहतच होती.

"मी आता तेच सांगणार होतो," गेलन म्हणाले.

"मी तर सुरुवातीपासून म्हणत होतो, काहीतरी चुकतंय," नॉर्ब म्हणाले. हे मात्र खरं होतं. ते प्रत्येक गोष्टीबद्दल तेच म्हणत असत.

आजोबा मेजापाशी येऊन बसले. धाप लागली होती. "मला वाटलं," ते म्हणाले आणि थांबले. "पुन्हा अशी जाऊ नकोस."

"मग फुली केली की थांबत जा."

"थांबीन."

"त्या काकांनी या म्हटलं तरी?"

आजोबांनी गेलन यांच्याकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं. "कोणीही या म्हटलं तरी. आता काय करू ते सांग."

"पुढे घ्या," लिनेया म्हणाली. "पूर्ण पुढे, रस्त्यापर्यंत. सगळे बघत असले तरी."

पिकअपच्या खिडकीतून आजीचा आवाज आला. "काय म्हणतेय ती?"

"पुढे घे म्हणतेय," आजोबा ओरडून म्हणाले, इतक्या मोठ्याने की शेवटच्या खुर्चीलाही ऐकू जावं, आणि ते पिकअपकडे चालू लागले.

लिनेया बाकावरून उतरली. गेलन अजून तिच्या जागेवर उभे होते, डबा हातात धरून, फांदीकडे बघत. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, मान वर केली आणि म्हणाली, "काका, तुम्ही खुर्चीत बसता का जरा? आजोबांना मी दिसले पाहिजे."

मग त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ती उभी राहिली, आरशात आजोबांचा चेहरा येईपर्यंत वाट पाहिली आणि हात वर केला.