दार बंद होतं

तक्रारीच्या कागदावर ‘दार बंद होतं’ असं लिहून शिंप्याने पेन खाली ठेवलं.

शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेचं काम मुख्याध्यापिकांकडेच होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“ग्रंथालयाच्या बाई मधल्या सुट्टीत दार लावून तुमच्या मुलीला एकटीला घेऊन बसल्या होत्या. तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“माझ्या डोळ्यांनी. डबा द्यायला आलो होतो काल.”

दार सताड उघडं होतं. म्हणून तर त्याला बिट्टी दिसली होती. हातवारे करत, दम न घेता बोलत होती, आणि बाई ऐकत होत्या. तिची आई जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून घरात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘भूक नाही’ यापलीकडे पोरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. काल संध्याकाळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, बाईंशी काय एवढं बोलत होतीस? ती म्हणाली, काही नाही. रात्रभर त्याचा जीव जळत राहिला. आठ महिने नंबर लावून आपण उभे, आणि आत घेतलं भलत्याच कुणाला.

“चौकशी होईपर्यंत बाई एकाही मुलाला भेटणार नाहीत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “पंधरा दिवस तरी.”

“चालेल.”

तो उठू लागला.

“थांबा. आज तुम्हाला फोन करणारच होते.” त्यांनी कपाटातून एक वही काढली. “मूल एकटं येऊन काही बोललं, की बाईंनी त्याच दिवशी लिहून माझ्याकडे द्यायचं, असा नियम आहे. मुलांचं बोलणं आम्ही कुणाला दाखवत नाही. पण ही एक नोंद तुम्हाला वाचून दाखवायला बिट्टीने काल हो म्हटलंय.”

चष्मा लावून त्या सावकाश वाचू लागल्या.

“‘तिला वडिलांशी आईबद्दल बोलायचं आहे. पण आईचं नाव निघालं की बाबा शिलाई मशीन जोरात चालवतात, मग ती गप्प बसते. आज चौथ्यांदा तालीम केली. मी बाबा झाले. आज तिने न अडखळता सगळं सांगितलं.’”

शिंप्याने शर्टाच्या बाहीवरचा एक दोरा ओढला. तो तुटेना. मग त्याने हात पुढे केला.

“तो कागद परत द्या.”

“तक्रार मागे घेता येत नाही. नाहीतर उद्या कुणीही कुणाला दमदाटी करून मागे घ्यायला लावेल. खाली अजून लिहायचं असेल तर लिहा. पण तेही तसंच राहील, आणि चौकशीही होईल.”

त्याने लिहिलं, ‘दार उघडं होतं. मी खोटं लिहिलं.’

“कारण लिहा.”

त्याने पेन पुन्हा टेकवलं. लिहिलं, ‘मुलगी त्यांच्याशी बोलत होती.’

मुख्याध्यापिकांनी वाचलं आणि कागदावर तारीख घातली.

शाळा सुटली होती. बिट्टी पायऱ्यांपाशी दप्तर सावरत आली.

“बाबा? तुम्ही इथे कसे? दुकान?”

“बंद ठेवलंय.” तो पायरीवर बसला. “बिट्टे, पंधरा दिवस तुला बाईंकडे जाता यायचं नाही.”

“का? आजारी आहेत त्या?”

“नाही. मी त्यांच्याबद्दल खोटं लिहून दिलं. माझ्यामुळे.”

“पण का?”

“तू त्यांच्याशी बोलायचीस ना. माझ्याशी नाही. म्हणून.”

तिचे डोळे भरून आले. राग होता, नुसता राग. ती त्याच्यापासून दोन पायऱ्या सोडून खाली बसली, पाठ करून. पोरं आरडाओरडा करत शेजारून गेली. फाटकापाशी पालकांची गर्दी झाली आणि पांगलीही.

“आई असती तर तुम्हाला खूप ओरडली असती,” ती मागे न बघता म्हणाली.

शिंप्याने गुडघ्यांवर हात दाबून धरले.

“ओरडली असती,” तो म्हणाला. “काय काय म्हणाली असती?”