नवऱ्यासमोर विचारलेला प्रश्न

घरात मार खाऊन आलेल्या बाईशी कसं बोलायचं, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण दवाखान्यातल्या नर्सना मिळालं. शिकवणाऱ्या डॉक्टर अंतरा तिथल्याच, वयाने अगदी तरुण. एकच गोष्ट त्यांनी दहादा सांगितली, "एकटीला विचारा. सोबतचा माणूस समोर असेल तर विचारूच नका." निवृत्तीनंतरही रोज येणाऱ्या नर्स वनमालाताईंना ते जरा जास्तच वाटलं. चाळीस वर्षं त्या बायकांच्या जखमा धूत आल्या होत्या.

सोमवारी यशश्री आली. मनगट सुजलेलं, दंडावर जुने पिवळट डाग. तिचं मराठी माहेर नया बाजारातलं, तिच्या आईला ताई चांगल्या ओळखत. सोबतचा नवरा खुर्चीवरून हलेना. "सीढ़ी से गिर गई," तो म्हणाला.

पट्टी बांधताना ताईंना स्वतःची आई आठवली. दालबाजारात हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराच्या तोंडावर ती मराठीत म्हणायची, "डाळ जुनी आहे, चल पुढे," आणि त्याला ओ की ठो कळत नसे. हिंदी मुलखातल्या या शहरात, लश्कर भागातल्या सगळ्याच मराठी बायका आपल्या भाषेचा असा आडोसा करत. ताईंनीही तो केला.

"हात कुणी पिरगळला गं? यांनीच ना?"

उत्तर नवऱ्याने दिलं, स्वच्छ मराठीत. "पडली ती, ताई. लहानपणी आम्ही मराठी घरमालकांकडेच राहायचो. सगळं कळतं."

चूक ताईंची होती, आणि ती घरी जाऊन यशश्रीला भोगायची होती.

"लघवी तपासावी लागेल," ताई उठत म्हणाल्या. "तिकडे बायकांचं बाथरूम आहे. आप यहीं बैठिए, भैया."

आत गेल्यावर त्यांनी कडी लावली.

"चुकलं माझं. आज घरी गेलीस तर काय होईल?"

"त्यांनी ऐकलंय ना. आता होईलच."

"मग इथेच राहतेस?"

"लेक शाळेत आहे. एक वाजता सुटते."

"तुझ्या आईला सांगू, तिला घेऊन यायला?"

"सांगा. पण आधी तिला हे सांगा, की मी पडले नव्हते. दोन वर्षं मी तिलाही तेच सांगतेय."

ताईंनी आईला फोन केला आणि लेक पडली नव्हती, हे आधी सांगितलं. अंतरांनी यशश्रीला देखरेखीसाठी भरती करून घेतलं. ताईंनी केसपेपरवर प्रश्न कुणासमोर विचारला तेही लिहिलं आणि खाली सही केली. नवरा तासभर बसून निघून गेला.

दीड वाजता आई आली, नातीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर अडकवून. आल्या आल्या म्हणाली, "कुठल्या खाटेवर आहे?"