पिशव्यांची रांग

गाडी थांबली नाहीच. वळणावरून आली ती भर्रकन निघून गेली आणि तिच्या वाऱ्यानं बाळाबाईंची कापडी पिशवी आडवी झाली. पिशवीमागं गोरखचा दुधाचा क्यान होता, क्यानमागं लीलाबाईंची मेथीची पाटी, त्यामागं राजनंदिनीची कॉलेजची सॅक. सामान सगळं रस्त्याच्या कडेला शिस्तीत उभं होतं. सामानाची माणसं मात्र मागं चिंचेच्या सावलीतून धावत येत होती.

"ए! आरं थांब की मुडद्या!" लीलाबाई ओरडल्या.

"काकू, गाडी भोरला पोचली बी असंल आता," गोरख म्हणाला. "तुमी कुणाला वरडताय?"

बाळाबाई खाली वाकल्या. त्यांनी पिशवी उचलून झटकली. पिशवीत फडक्यात बांधलेला कढीपत्ता होता. दारातल्या झाडाचा पाला त्या रोज अंगणवाडीच्या खिचडीला घेऊन जात. आज खिचडी उशिरा शिजणार होती. कालही उशिराच शिजली होती.

भोंगवलीकडून भोरला जाणाऱ्या रस्त्यावरचा हा थांबा चिंचेचा थांबा म्हणूनच सगळ्यांना ठाऊक. पूर्वी रस्ता चिंचेला खेटून जायचा. पहिला येणारा रस्त्याकडेला पिशवी ठेवायचा नि सावलीला बसायचा. दुसऱ्यानं आपली पिशवी त्यामागं ठेवायची. पिशवीचा नंबर तोच माणसाचा नंबर. यावरून कधी भांडण झालं नव्हतं. जुना ड्रायव्हर चिंचेखाली गर्दी बघून आपसूक ब्रेक दाबायचा.

मग रस्ता रुंद झाला, काँक्रिटचा झाला आणि पलीकडं सरकला. मध्ये गटार आलं, गटारापलीकडं रानटी झुडपं माजली, आणि चिंच रस्त्यावरून दिसेनाशी झाली. नवा थांबा म्हणजे एक लोखंडी खांब. त्याला ना छप्पर ना बाकडं. माणसं सावलीतच बसत राहिली, पिशव्या खांबापाशी उभ्या राहत राहिल्या. थांब्यांची पाहणी झाली, आणि एके सकाळी खांबावरची थांब्याच्या नावाची पाटी कुणीतरी काढून नेली. तेव्हापासून गाडी थांबेनाशी झाली.

बाळाबाई त्या दिवशी एका टेम्पोत मागं बसून भोरला पोचल्या. भोरच्या कडेला भाताच्या खाचरांवर आता चार मजली इमारती उठल्या होत्या. तिथल्या गवंड्यांची आणि घरकाम करणाऱ्या बायांची पोरं बाळाबाईंच्या अंगणवाडीत येत. बाळाबाई तिथं मदतनीस होत्या. शिकवायचं काम सेविका माधुरीताईंचं. पण बटण लावायला, नाक पुसायला, पाच बोटांवर पाच पाखरं बसवून मोजायला पोरांना बाळाआजीच लागायची. आल्यावर चपला दाराबाहेर रांगेत लावायच्या, हेही त्यांनीच शिकवलेलं. आजी सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायची, म्हणून रांगेत पहिली चप्पल आजीची.

माधुरीताई दारातच उभ्या होत्या. "मावशी, तपासणीच्या मॅडम येऊन गेल्या. पोरं उपाशी बसलेली बघितली त्यांनी."

"काय म्हनल्या?"

माधुरीताईंनी पदर बोटाला गुंडाळला. "म्हणाल्या, हे असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून जवळची बाई बघू. मी सांगितलं हो त्यांना, गाडीच थांबत नाही म्हणून. पण..."

"तुमचा काय दोष त्यात," बाळाबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. पाणी ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण मीठ दोनदा टाकतो आहोत. पोरांशिवायची सकाळ कशी असते, हे त्यांना आठवतच नव्हतं. सून चांगली होती, घरी बसा म्हणायची. पण घरी बसून करायचं काय?

सुट्टी झाल्यावर त्या थेट एसटी स्थानकात गेल्या. तिथला साहेब तरुण होता, कपाळावर घाम, समोर कॉम्प्युटर. त्यानं ऐकून घेतलं.

"मावशी, तुमचा थांबा मी नाही बंद केला. बाहेरच्या कंपनीनं पाहणी केली. हे बघा." त्यानं कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवला. "ऐन गाडीच्या वेळेचा फोटो आहे. एक माणूस दाखवा."

बाळाबाईंनी चष्मा लावला. फोटोत लोखंडी खांब होता. खांबापाशी निळ्या काठाची कापडी पिशवी, क्यान, पाटी, सॅक, मागं आणखी दोन बोचकी.

"ही काय मी," बाळाबाई पिशवीवर बोट ठेवून म्हणाल्या. "ह्यो गोरख. ह्या लीलाबाई. ही राजनंदिनी, तिची परीक्षा हाये."

साहेब बघत राहिला आणि मग मोठ्यानं हसला. "अहो, पिशव्या प्रवास करत नाहीत."

"करत्यात की. आमीच नेतो त्यास्नी."

"तसं नव्हे. ड्रायव्हरला माणूस दिसायला पाहिजे. माझ्या गावाकडंही असंच ठेवतात, मला कळतंय. पण वरती मी काय पिशव्या दाखवू?" त्यानं जरा विचार केला. "सोमवारी मी त्या गाडीत बसून येतो. माणसं उभी दिसली, तर पाटी परत लावतो. नाही दिसली, तर परत हा विषय काढायचा नाही."

"दिसतील, साहेब," बाळाबाई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. सोमवारी सगळ्यांच्या आधी थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"आज कुनी बसायचं न्हाई. पिशवी खाली ठेवायची न्हाई. हातात धरून रांगंत उभं ऱ्हायचं."

"उनात?" लीलाबाईंनी पाटी डोक्यावरून काढलीसुद्धा नव्हती. "माझी मेथी मान टाकंल."

"मेथीनं मान टाकली तर टाकू दे. तुमी टाकू नका."

रांग लागली. लागली म्हणजे काय, लागेना. पिशव्यांची रांग लावण्यात सगळे पटाईत, स्वतः रांगेत उभं राहायची सवय कुणालाच नव्हती. गोरख लीलाबाईंच्या पुढं आला.

"माझा क्यान आदी आला हुता."

"क्यान आला आसंल, तू तितं तंबाकू मळत हुतास. आता मानसांचा नंबर हाये."

"मंग मानसांत बी मी तुमच्या आदी हाये, काकू."

"वयानं हायेस का?"

राजनंदिनी हसत सुटली. मागून आलेला एकजण म्हणाला, मला भोंगवलीला उलटं जायचंय, मी कुठं उभा राहू? तेव्हा तर गोंधळाला सीमाच राहिली नाही. शेवटी गोरख वैतागला. "थांबा! भांडान नगं. रोजच्यावानी सामान ठेवा, कुनाचा कितवा नंबर त्यो एकदाचा कळंल."

हे सगळ्यांना पटलं. पटापट सामान खाली आलं: क्यान, पाटी, सॅक, बोचकी. बाळाबाईंनीही हातातली पिशवी पहिल्या जागेवर ठेवली. नंबर ठरले, भांडण मिटलं आणि भांडण मिटल्याबरोबर जो तो समाधानानं गटार ओलांडून चिंचेकडं निघाला. बाळाबाईसुद्धा. वर्षानुवर्षांच्या सवयीनं पाय आपोआप वळले होते.

सावलीत पाय टाकला आणि त्या थबकल्या. वळून बघितलं. वळणावर गाडीचं लाल नाक दिसत होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं. फोटोत होतं अगदी तसंच, ओळीनं उभं सामान.

"आरं पळा!" त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की चिंचेतली पाखरं उडाली. "आपापल्या पिशवीमागं! पळा!"

त्या स्वतः पळाल्या. गुडघे दुखतात हे विसरून त्यांनी गटार ओलांडलं आणि आपल्या पिशवीमागं जाऊन ताठ उभ्या राहिल्या. मागोमाग क्यानमागं गोरख आला. पाटीमागं धापा टाकत लीलाबाई आल्या. सॅकमागं राजनंदिनी, बोचक्यांमागं त्यांची माणसं. कुणी कुणाच्या पुढं घुसलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. रोज पिशव्या उभ्या राहायच्या तशी माणसं उभी राहिली.

गाडीनं वेग कमी केला. मग ब्रेक कर्कश वाजले आणि दार बरोबर बाळाबाईंच्या समोर येऊन थांबलं.

दारात साहेब उभा होता, हातात मोबाईल. "मावशी, लांबून नुसतं सामान दिसलं. म्हटलं, संपलं. आणि मग पिशव्यांची माणसं झाली की हो!"

"साहेब, आदी आत घ्या," मागून लीलाबाई म्हणाल्या. "फोटू मागनं काढा. मेथी सुकतीय."

गाडीभर हशा पिकला. राजनंदिनीनं टाळी वाजवली, गोरखनं क्यान चढवायच्या आधी बाळाबाईंना हात दिला, आणि कंडक्टरनं पहिलं तिकीट फाडलं ते "चिंचेचा थांबा" असं मोठ्यानं म्हणून.

दुसऱ्या दिवशी खांबाला पाटी लागली. खाली पिशव्यांची रांगही लागली, कारण सवयी एका दिवसात जात नाहीत. फरक इतकाच, की गाडी वळणावर आली की ड्रायव्हर हॉर्न देई, आणि चिंचेखालून माणसं ज्याच्या त्याच्या पिशवीमागं येऊन उभी राहत.

त्या सोमवारी मात्र बाळाबाई अंगणवाडीत पोचल्या, तेव्हा दार उघडलेलं होतं. माधुरीताई लवकर आल्या होत्या. बाहेर पोरांच्या इवल्या चपला रांगेत होत्या, काही डाव्याच्या जागी उजव्या. बाळाबाई शेवटाला आपल्या चपला काढणार, तोच आतून पिंकी धावत आली.

"आजी, तिथं नाही!"

बाळाबाईंनी बघितलं. रांगेच्या सुरुवातीला, उंबऱ्याला लागून, दोन चपलांपुरती जागा मोकळी होती.

"रोज ठेवतात," माधुरीताई म्हणाल्या. "तुम्हाला उशीर झाला तरी. कुणाला लावू देत नाहीत तिथं. तुम्हीच घाईनं चुलीकडं पळता, बघत नाही."

बाळाबाईंनी पायातल्या चपला काढल्या, वाकून हातानं सरळ केल्या आणि पहिल्या जागेवर ठेवल्या. मग कढीपत्त्याची पिशवी घेऊन त्या आत गेल्या.