वाचायचं नाही, फक्त टाइप करायचं

महाल भागातल्या चंपतराव गिरडकरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये वाचायला बंदी होती. नजर कागदावर, बोटं मशीनवर आणि डोकं घरी, असा चंपतरावांचा नियम. वाचलं की वेग घटतो आणि वेग घटला की नोकरी हुकते, हे ते प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी ऐकवत. स्वतः त्यांनी वीस वर्षं सरकारी कचेरीत मिनिटाला साठ शब्दांनी टाइप केलं होतं आणि त्यातली एकही ओळ त्यांना आठवत नव्हती. याचाही त्यांना गर्व होता! माणसाला गर्व कशाकशाचा होईल, काही नेम नाही.

त्यांचा मुलगा वसंत हा इन्स्टिट्यूटचा हिरा. पासष्ट शब्द, चूक शून्य. काय टाइप केलंस असं विचारलं, तर तो कागद परत उलटून बघे. त्याचं नोकरीचं वय सरत चाललं होतं आणि बापाला त्याचाच घोर लागला होता.

पाचव्या मशीनवर शामला बसे. पाचवं मशीन म्हणजे मोरीलगतचं, ‘ए’ची कळ अडकणारं. शामलाचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, वडील वारलेले, आई भीमाबाई विड्या वळायची. चंपतराव जातपात मानत नसत, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. फक्त ते मशीन तिच्यासाठी ठरलेलं होतं आणि माठावरचा तिचा पेला वेगळा होता.

इंग्रजीचा धडा संपला की उरलेल्या वेळात ही मुलगी इंग्रजी अक्षरांत जपानी टाइप करी. वस्तीतल्या विहारात राहून गेलेल्या एका जपानी भिक्खूंकडून ती ही भाषा शिकली होती. एक ओळ टाइप करायची, पुटपुटत वाचायची, कळली तरच पुढे जायचं. जपानीत पावलोपावली ‘ए’ लागतो. ती नखानं कळ वर काढी आणि पुन्हा सुरू होई.

“काहून गुणगुणून राहिली वं?” चंपतरावांनी एकदा दरडावलं.

“सर, वाचल्याबिगर मले जमत नाही. मी काय लिहून राहिली, ते समजाले पाहिजे ना.”

“टायपिस्टले समजून काय करायचं? साहेबाले समजलं म्हणजे झालं.”

पोरं फिदीफिदी हसली. विहारातलं जपानी कुठे विकणार, पाचपावलीच्या बाजारात काय, असंही सरांनी वर जोडलं. आपल्या विनोदावर ते दिवसभर खूष होते.

आणि तीनच महिन्यांत पेपरात जाहिरात आली. हिंगण्याकडे जपानी यंत्रांचा नवा कारखाना निघत होता. इंग्रजी अक्षरांत जपानी टाइप करणारा टायपिस्ट हवा होता. अर्जासोबत स्वतःची माहिती सांगणारं एक जपानी पान जोडायचं होतं. चंपतरावांचा जपानीबद्दलचा तिटकारा चहा निवायच्या आत ओसरला. शामलानं आपलं पान टाइप करून कधीच पाठवलं होतं. त्याची कार्बन कॉपी तिच्या फाइलमध्ये होती. सरांनी ती बिनदिक्कत उचलली आणि वसंतापुढे ठेवली. अक्षरं तर तीच सव्वीस, भ्यायचं कशाला? शामला दिसेल तिथे वसंत घालायचं. वसंतानं चार मिनिटांत पान उतरवलं. एकही चूक नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी चंपतराव कोट घालून बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं त्यांना आत बोलावणं आलं. टेबलामागे मॅनेजर मनोहरराव आणि ओकाडा नावाचे जपानी इंजिनियर होते, समोर वसंत आणि शामला. मनोहररावांनी सांगितलं, दोन्ही अर्जांवर तुमच्याच संस्थेचं नाव आहे आणि दोन्ही पानं सारखी आहेत. कुणी कुणाचं उचललं?

“पोरीनंच उचललं असंन, साहेब,” चंपतराव म्हणाले. त्यांची जीभही बोटांसारखीच होती, डोक्याला न विचारता चालणारी.

“आपण यांचे सर ना?”

“सर आहोच. अन् वसंताचा बापही आहो.”

मनोहररावांनी वसंताचं जपानी पान वर उचललं. “अहो, पण तुम्ही तर नऊ वर्षांपूर्वी वारलात! ओकाडासाहेबांनी आत्ताच उभं राहून, मान लववून तुमच्या मुलाचं सांत्वन केलं. आणि तो थँक्यू म्हणाला.”

मग शामलाला तिचं पान वाचायला सांगितलं. तिनं एकेक ओळ जपानीत वाचली आणि मराठीत सांगितली. वडील मारोतराव गिरणीत होते, ते नऊ वर्षांपूर्वी वारले. आई विड्या वळते. टायपिंग मी महालात शिकते. मग शेवटच्या ओळी आल्या.

“माझ्या सरांनी माझी बोटं तयार केली. पण सर टाइप केलेलं वाचत नाहीत. हे पान त्यांच्या हाताखालून गेलं, तरी ते वाचणार नाहीत. मला वाचणारी व्हायचं आहे.”

ओकाडासाहेबांनी हळूच मान डोलावली. हे शब्द चंपतरावांनी स्वतःच्या पोराकडून, त्याच्याच नावानं, बिनचूक टाइप करवून घेतले होते.

मनोहररावांचा निकाल सरळ होता. एकसारख्या पानांचे दोन्ही अर्ज नियमानं बाद होतात. पान कुणाचं, हे सरांनी लेखी दिलं तरच एक अर्ज वाचेल. मात्र अशा संस्थेची तक्रार परीक्षा मंडळाकडे जायला हवी, असंही ते म्हणाले.

तेव्हा शामला बोलली. “तक्रार नका करू, साहेब. तिथं चाळीस पोरं शिकून राहिली. क्लास बंद झाला तर त्यायचं काय होईल? सर, तुमी वेग शिकवला, तो खोटा नाही. पण न वाचता केलेलं काम दुसऱ्याचंच राहते. अन् जो वाचते, त्याले तुमी हसता.”

जिच्यावर त्यांनी आत्ताच चोरी ढकलली होती, ती त्यांचा क्लास वाचवत होती! चंपतरावांचे डोळे भरून आले. वसंताकडे बघायची हिंमत त्यांना झाली नाही. ते कोपऱ्यातल्या मशीनवर बसले.

चार ओळींना त्यांना अर्धा तास लागला. पान शामलाचं आहे. ते मी चोरलं. माझ्या मुलाला ते वाचता येत नाही. मलाही येत नाही. प्रत्येक ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली, पटली तेव्हाच पुढची लिहिली. कागदावर तीन चुका झाल्या. सही करण्यापूर्वी त्यांनी तो पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला, वसंताला ऐकू जाईल असा.

वाचकहो, चंपतरावांना हसून मोकळे होऊ नका. आपल्या कचेऱ्यांतून रोज हजारो कागद न वाचता पुढे सरकतात आणि थांबून वाचणाऱ्याला आपण मंद म्हणतो. तो मंद मनुष्यच आपली अब्रू राखतो. त्याची थट्टा करण्याआधी आपल्या हातातला कागद एकदा वाचून बघा. त्यावर तुमचंच मरण लिहिलेलं असेल.